वीसच्या आतला पट

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळेचे पुढचे वर्ष कसे जाणार, हे 30 सप्टेंबरला ठरते. त्या दिवशी पटावर असलेली मुले मोजायची, त्यांचे आधार क्रमांक जुळतात का ते पाहायचे आणि त्या आकड्यावर संचमान्यता काढायची. शाळेला किती शिक्षक मिळणार, असलेल्यांपैकी कोण 'अतिरिक्त' ठरणार, हे सगळे त्यावर अवलंबून. शाळेत शिक्षक पुरेसे नसले तर पालक मूल दुसरीकडे घालतात, मूल गेले की पट घटतो आणि पट घटला की शिक्षक आणखी कमी होतो. रायगडातल्या महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर हे चक्र आता इतके अंगवळणी पडले आहे की शाळेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो 'पट किती?' हाच.

2023 च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तांनी जिल्ह्यांकडून कमी पटाच्या शाळांच्या समायोजनाचे प्रस्ताव मागवले. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात 14,783 आहेत, त्यांत 1,85,467 मुले शिकतात आणि 29,707 शिक्षक शिकवतात, ही आकडेवारी तेव्हा सर्वांसमोर आली. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारायची, मुलांना बसने आणायचे, प्रयोगशाळा, वाचनालय, खेळाचे मैदान सगळे एका ठिकाणी द्यायचे, अशी कल्पना होती. पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारचे तोरणमाळ ही तिची उदाहरणे म्हणून पुढे केली गेली. त्याआधी 2017 च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळांबाबत असाच निर्णय झाला होता आणि त्यावर राज्यभर वाद झाला होता. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने वीसपर्यंतच्या पटाला एक नियमित शिक्षक आणि गरज पडल्यास दुसरा सेवानिवृत्तांतून, अशी तरतूद केली. त्याच वर्षी सप्टेंबरात या दुसऱ्या जागेवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा मुद्दा आला आणि 25 सप्टेंबरला राज्यभरातले शिक्षक सामूहिक रजेवर गेले.

मंत्रालयातून पाहिले तर या हिशेबात चूक सापडत नाही. बारा मुलांवर दोन पगार जातात आणि तरी त्या मुलांना ना धड स्पर्धा मिळते, ना खेळाचा संघ होतो. हा युक्तिवाद करणारे सगळेच शाळांचे शत्रू आहेत असेही नाही. पण तळीयेसारख्या गावाच्या अंगणात उभे राहिले की त्या हिशेबात न धरलेल्या गोष्टी दिसू लागतात.

तळीये महाडपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, भोरकडे चढणाऱ्या वरंध घाटाच्या अंगाला आहे. या मुलखात गाव म्हणजे एका जागी वसलेली घरे नव्हेत. पाच-सहा वाड्या डोंगराच्या वेगवेगळ्या सोंडांवर पसरलेल्या, मधे ओढे, वर रान, खाली भाताची खाचरे, उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन. महसुली कागदावर ते एक गाव असते, पण पावसाळ्यात एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर जायला साकव ओलांडावा लागतो आणि साकवावरून पाणी गेले की दोन्हीकडची माणसे आपापल्या जागी अडकतात. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे आहे. सपाटीवरच्या एका किलोमीटरला पंधरा मिनिटे पुरतात. इथे त्याच अंतरात एक उतरण, एक वहाळ आणि एक चढण येते, आणि सहा वर्षांच्या मुलाला छत्री सांभाळत ती पार करायची असते. समूह शाळेची बस डांबरी रस्त्याला येऊन थांबेल. त्या रस्त्यापर्यंतची पायवाट बसच्या आराखड्यात नसते.

आणि पट कमी का झाला? मुले कमी झाली हे खरे, पण ती कुठे गेली हेही विचारायला हवे. महाड, पोलादपूर आणि शेजारच्या रत्नागिरीतल्या गावांचा मुंबईशी संबंध तीन-चार पिढ्यांचा. गिरणीत, गोदीत, माथाडीत, खानावळीत काम करायचे, चाळीच्या खोलीत दहा-पंधरा जणांनी भाड्याने राहायचे, शिमग्याला आणि गणपतीला गावी यायचे. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, पण गावाला परतण्याजोगे काही नव्हते. मग नालासोपारा, दिवा, विरार ही नवी ठिकाणे झाली, आणि पूर्वी फक्त बापे जात ते आता बायकामुलांसकट जाऊ लागले. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 या दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटली आणि तिथे हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया नोंदल्या गेल्या. मागे राहतात ती म्हातारी माणसे, शेती सांभाळणाऱ्या सुना आणि ज्यांना मुंबईत खोली परवडली नाही त्यांची मुले. त्यातही ज्याच्या घरी थोडा पैसा येतो, त्याचे मूल सकाळी व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. वाडीच्या शाळेत उरलेल्या बारा मुलांमागे दुसरा पर्याय नसलेली बारा घरे असतात. पटाचा आकडा लहान दिसतो तो नेमका याच कारणाने.

अशा शाळेतला एक दिवस कसा जातो, हे शिक्षकांच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. एका खोलीत पहिली ते चौथी. फळ्याचे उभे भाग पाडलेले, एका भागात पहिलीची बाराखडी, दुसऱ्यात तिसरीची वजाबाकी. चौथीचा मुलगा पहिलीतल्या मुलीचे अक्षर गिरवून घेतो आणि त्यातून दोघेही शिकतात, हे या वर्गाचे बलस्थान. पण दहा वाजता शालेय पोषण आहाराची ऑनलाइन नोंद करायची असते आणि नेटवर्क शाळेमागच्या टेकाडावरच येते. केंद्रावर बैठक निघाली, की दोनातला एक शिक्षक गेला. दुसरा निवडणुकीच्या याद्यांवर असेल, तर खोलीला त्या दिवशी कुलूप, नाहीतर स्वयंपाकी ताईंच्या भरवशावर शाळा. शिक्षक बहुतेकदा बाहेरच्या जिल्ह्यांतले, घर शेकडो किलोमीटर दूर. आंतरजिल्हा बदलीत नंबर लागला की ते जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही. जाणाऱ्याच्या जागी येणारा मात्र त्याच जूनमध्ये येतो असे नाही. शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या तरुणाला वर्षानुवर्षे महिना सहा हजार रुपये मिळत होते. ते 2023 मध्ये सोळा हजार झाले.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नका असे सांगते, पण तीन अपवाद ठेवते: दशवार्षिक जनगणना, निवडणुका आणि आपत्तीतील मदतकार्य. महाड-पोलादपूरच्या संदर्भात यातला तिसरा अपवाद फार जवळचा आहे.

22 जुलै 2021, गुरुवार. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला, तिथल्या नोंदींतला विक्रमी. सावित्री नदी तिथेच उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाते. महाड शहर पाण्याखाली गेले, वीज गेली, मोबाइल बंद पडले, रस्ते तुटले. दुपारनंतर तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला. तीसेक घरे चिखल-दगडांखाली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यातली 53 सापडली. बाकीच्यांचा शोध काही दिवसांनी, नातेवाइकांच्या संमतीने, थांबवण्यात आला आणि बेपत्ता माणसे मृत घोषित झाली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथे दरडी कोसळून अकरा जण गेले. बाहेरची मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर आजूबाजूच्या वाड्यांतले लोकच हातांनी माती उपसत होते.

तेव्हा शाळा कुठे होती? बंद होती. 2020 च्या मार्चपासून बंद. मधे 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रायगडातल्या कितीतरी शाळांची छपरे उडवली, तेव्हाही वर्ग भरत नव्हते म्हणून कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे म्हटले जात होते, दूरदर्शनवर 'टिलीमिली' मालिका लागत होती, आणि जिथे वीज व नेटवर्क दोन्ही पावसाच्या मर्जीवर, तिथली मुले घरी होती. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 ला सुरू झाले. म्हणजे वाड्यांवरच्या लहान मुलांनी सलग पावणेदोन वर्षे शाळा पाहिली नव्हती, आणि ज्यांनी तो गुरुवार पाहिला ती मुले त्यानंतरही चार महिने घरीच होती. मोठ्या दुर्घटनेनंतर मुलाला सर्वांत लवकर सावरते ते रोजचे वेळापत्रक, हे बालमानसाचे जाणकार नेहमी सांगतात. या मुलांना ते मिळाले नाही.

तळीयेतून वाचलेल्यांनी त्या दिवसांत ज्या हकिकती सांगितल्या, त्यांतली एक गोष्ट मनातून जात नाही. डोंगराची माती सरकू लागल्याचे काहींच्या लक्षात आले होते. लोक घराबाहेर पडले होते, एकमेकांना हाका मारत एका जागी जमले होते. दरड आली ती त्या जमलेल्या माणसांवर. त्यांनी धोका ओळखला होता, ते आळसावले नव्हते, बेफिकीर नव्हते. कुठे जमायचे आणि कुठे अजिबात जमायचे नाही, हे कुणी कधी त्यांच्यासोबत बसून ठरवलेले नव्हते. तशी व्यवस्थाच त्या गावात पोचली नव्हती.

हा इलाखा काही पहिल्यांदा खचला नव्हता. 25 आणि 26 जुलै 2005 ला महाड तालुक्यातच जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या आणि जवळपास दोनशे माणसे गेली. मुंबईच्या महापुराच्या बातम्यांत ही गावे दबून गेली. दासगावच्या दरडग्रस्तांनी पुढची कित्येक वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये काढली. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातले माळीण गेले, 151 जणांसह. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती, हे विधिमंडळातच सांगितले गेले.

माळीणमध्ये गाव गाडले गेले, पण शाळेची इमारत उभी राहिली. इर्शाळवाडीत त्या रात्री काही तरुण मुले वाडीच्या शाळेत मोबाइल बघत बसली होती. ती वाचली, धावत सुटली आणि खाली खबर पोचली. त्याच वाडीतली आणखी काही मुले आश्रमशाळेत राहात होती म्हणून वाचली, आणि एका रात्रीत आईबापांविना झाली. वाडीवरची शाळा ही बहुतेक ठिकाणी गावातली एकमेव पक्की, सामाईक जागा असते. पूर आला की लोक तिथे येतात, मतदान तिथे, लसीकरण तिथे, ग्रामसभा तिथे. आणि कोणत्या घरात किती मुले, कोण मुंबईला गेले, कोण आजारी, कोण आजीजवळ राहते, हे तिथल्या गुरुजींना हजेरीपुस्तकाशिवायही तोंडपाठ असते. ढिगाऱ्याखाली कोण असेल हा प्रश्न उभा राहतो तेव्हा ही माहिती सोन्याच्या मोलाची ठरते. पट बारा आहे म्हणून शाळा हलवली, तर बारा मुलांबरोबर ही माणसांची माहितीही वाडीवरून जाते. तिची नोंद यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीच्या कोणत्याच रकान्यात नाही.

पण शाळा टिकवा एवढेच म्हणणे पुरेसे नाही. ती शिकवते काय, हाही प्रश्न तितकाच मोठा आहे.

महाडजवळच्या नाते गावी 1896 मध्ये चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. रोहा-तळ्याच्या शाळांत शिकले, 1912 मध्ये मॅट्रिकला पहिले आले, 1918 च्या आयसीएस परीक्षेत पहिले आले, 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे देशाचे अर्थमंत्री झाले, कुलाब्यातूनच, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर निवडून गेले आणि नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. या मुलखाला त्यांचा रास्त अभिमान आहे. मात्र कोकणच्या शाळेने आपल्यापुढे आदर्श ठेवला तो हाच: हुशार मुलाने वर जायचे आणि वर म्हणजे बाहेर. ज्याच्या पूर्वजांना पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्यासाठी शाळा ही बाहेर पडण्याची वाट होती आणि तो त्याचा हक्कच होता. 20 मार्च 1927 ला ज्या महाडात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे कुणालाही 'गावातच राहा' असे सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. तक्रार आहे ती वेगळी. जे गावात राहतात, राहणार आहेत, ज्यांना राहावेच लागणार आहे, त्यांच्या जगण्याचा विषय शाळेत शिकवण्याजोगा कुणी मानलाच नाही.

महाराष्ट्रात तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार निघत आले आहे, रायगडचे वेगळे, सोलापूरचे वेगळे. ही फार चांगली परंपरा आहे. पण पुस्तक जिल्ह्यापर्यंत येऊन थांबते. तिथून पुढे वाडीपर्यंतचा मजकूर शिक्षकाने आणि मुलांनी मिळून भरायचा असतो. आपल्या डोंगराला वर सपाटी आहे का, तिथे पाणी साचते कुठे? गेल्या पावसाळ्यात गढूळ झालेला झरा यंदा कसा आहे? उतारावरच्या झाडांचे बुंधे वाकले आहेत का, बांधाला नवी भेग पडली आहे का, ऐन पावसात ओढ्याचे पाणी अचानक आटले का? सह्याद्रीच्या या भागात काळ्या दगडावर झिजलेल्या मुरूम-मातीचा जाड थर असतो. भेगांतून पाणी आत मुरते, थर भिजून जड होतो, आतल्या पाण्याचा दाब वाढतो, आणि एका मर्यादेनंतर सगळे एकदम सुटते. हे भूगर्भशास्त्र आठवीच्या मुलाला समजण्यासारखे आहे आणि त्याच्या आजीला त्यातली निम्मी लक्षणे आधीच ठाऊक आहेत. दोघांची गाठ घालून देण्याचे काम शाळेचे आहे. संचमान्यतेत न धरलेले ते काम सगळ्या इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या गुरुजींकडून कसे व्हावे?

हे होऊ शकते, याचा दाखला जपानने दिला आहे. तो दोन्ही बाजूंनी दिला आहे. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेतली 108 पैकी 74 मुले आणि दहा शिक्षक गेले. भूकंपानंतर मुलांना जवळपास पन्नास मिनिटे मैदानात बसवून ठेवले होते. शाळेला लागूनच टेकडी होती. शाळेच्या आपत्ती आराखड्यात पुढे कुठे जायचे यासाठी 'मोकळी जागा, बाग' असे मोघम लिहिलेले होते. पालक न्यायालयात गेले. सेंदाईच्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले की चूक त्या पन्नास मिनिटांची नाही, आधीपासून नीट तयारी न करण्याची आहे, आणि ती शाळेची व प्रशासनाचीही आहे. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

त्याच किनाऱ्यावरच्या कामाइशी शहरात तोशिताका कातादा नावाचे प्राध्यापक काही वर्षे शाळाशाळांतून मुलांबरोबर काम करत होते. नकाशावर आखलेल्या धोक्याच्या रेषेवर विसंबू नका, त्या क्षणी शक्य तेवढे सगळे करा आणि पळणाऱ्यांत पहिले व्हा म्हणजे बाकीचे मागे येतील, असे ते शिकवत. भूकंप झाला तशी तिथली माध्यमिक शाळेची मुले पळाली, त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुले निघाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोचल्यावर तिथल्या मागच्या कड्याची माती ढासळताना दिसली. मग ही जागाही सुरक्षित नाही असे ठरवून सगळे आणखी वर गेले. खालची जागा थोड्याच वेळात पाण्याखाली होती. कोंडाळकरवाडीतल्या जमलेल्या माणसांची आठवण ठेवून हा प्रसंग वाचला, की शिक्षण या गोष्टीचे वजन किती असते ते कळते.

जपान श्रीमंत आहे, असे कुणी म्हणेल. केरळ तेवढे श्रीमंत नाही. वायनाडमधल्या कल्पेट्टा इथल्या ह्यूम सेंटर या छोट्या संस्थेने शेतकरी आणि स्थानिक लोकांच्या मदतीने जिल्ह्यात सुमारे दोनशे ठिकाणी पर्जन्यमापक बसवले. 29 जुलै 2024 च्या सकाळी, त्या मोजणीवरून, मुंडक्कईच्या परिसरात दरड येऊ शकते असा इशारा त्यांनी प्रशासनाला दिला होता. दरड आली ती त्याच रात्री उशिरा. इशारा मिळूनही पुरेशी माणसे हलली नाहीत, हे त्या घटनेचे दुःख. पण साधा पर्जन्यमापक आणि रोज नोंद घेणारे हात यांतून अंदाज बांधता येतो, हे सिद्ध झाले. महाराष्ट्रात 'महावेध'ची स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळाला एक अशी आहेत. एका मंडळात अनेक गावे येतात आणि घाटमाथ्याला खेटलेल्या वाडीवरचा पाऊस दहा किलोमीटरवरच्या पावसापेक्षा पुष्कळ वेगळा असू शकतो. रोज सकाळी साडेआठला चौथीच्या मुलीने मोजपात्रातले पाणी वाचून वहीत आकडा लिहिणे, हा विज्ञानाचा, गणिताचा आणि गाव वाचवण्याचा एकच तास आहे.

मग कमी पटाच्या शाळेचे करायचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर मराठी माणसानेच साठ वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे 1964 ते 66 च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगाने 'शाळासंकुल' सुचवले: एक माध्यमिक शाळा मध्यवर्ती धरायची, आसपासच्या प्राथमिक शाळा तिला जोडायच्या, आणि शिक्षक, साधने, पुस्तके, अनुभव यांची देवघेव करायची. शाळा आपापल्या जागी राहाव्यात, एकटेपण मात्र संपावे, असा तो विचार होता. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही कोठारी आयोगाचा हवाला देऊन हीच कल्पना पुन्हा मांडली आहे आणि देशात 2016-17 मध्ये 1,08,017 एकशिक्षकी शाळा होत्या हेही नोंदवले आहे. आपल्याकडे या कल्पनेचे रूपांतर होता होता 'मुले उचला, इमारतीला कुलूप लावा' असे झाले. साधनांनी फिरायचे की सहा वर्षांच्या मुलांनी, यातली निवड आहे ही. संगीत, खेळ, विज्ञान यांचे शिक्षक आठवड्यातून एकदा वाडीवर येऊ शकतात. दर शनिवारी संकुलातली सगळी मुले एकत्र जमू शकतात, म्हणजे स्पर्धाही होईल आणि कबड्डीचा संघही. दहा मुलांच्या वर्गात आठवीपर्यंत काढणे मुलांच्या हिताचे नाही हे मान्यच आहे. पण पहिली ते चौथीची शाळा घराच्या हाकेवर हवी, आणि त्यावर तडजोड होऊ नये.

तळीयेचे पुनर्वसन म्हाडाकडे दिले गेले. लोक आधी कंटेनरच्या घरांत राहिले. उन्हाळ्यात ते लोखंड तापते, पावसात छपरावर इतका आवाज होतो की डोंगराजवळून आलेल्या माणसाला झोप लागू नये. पहिल्या टप्प्यात कोंडाळकरवाडीच्या 66 कुटुंबांची घरे घेण्यात आली. बाकीच्या वाड्यांचा प्रश्न पुढे बराच काळ रेंगाळला. अशा प्रत्येक पुनर्वसनात घरांचे चौरस फूट, रस्ते, पाण्याची टाकी यांवर बैठका होतात आणि शाळा 'नागरी सुविधा' या मथळ्याखाली शेवटच्या ओळींत येते. नव्या वसाहतीत पट मोजला जाईल तेव्हा तो वीसच्या आतच भरण्याची शक्यता जास्त, कारण दरडीनंतर मुंबईकडे गेलेली कुटुंबे परत येतातच असे नाही. दरडग्रस्त गावांच्या शाळांना किमान दहा वर्षे पटाच्या निकषातून वगळावे, ही मागणी कुणाला जास्तीची वाटू नये. राज्यात इतक्या थोड्या गावांचा हा प्रश्न आहे की तिजोरीवर त्याचा भार जाणवणारही नाही.

तारखांकडे एकदा नीट पाहायला हवे. दासगाव 25 जुलै. माळीण 30 जुलै. तळीये 22 जुलै. इर्शाळवाडी 19 जुलै. वायनाडही 30 जुलैच. दीड-दोन महिन्यांच्या पावसाने डोंगर तुडुंब भिजतो आणि जुलैच्या उत्तरार्धात एखाद्या अतिवृष्टीत सुटतो. कोकणात शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. म्हणजे पहिल्या घंटेपासून धोक्याच्या पंधरवड्यापर्यंत हाती पाच आठवडे असतात. त्या पाच आठवड्यांत शिक्षक, मुले, आशाताई, पोलीस पाटील आणि गावातली दोन जाणती म्हातारी माणसे यांनी मिळून वाडीच्या वरचा उतार एकदा पायाखाली घालावा, भेगांची आणि झऱ्यांची नोंद शाळेच्या वहीत करावी, जमायची जागा ठरवावी, तिथपर्यंतची रात्रीची वाट मुलांकडून दोनदा चालून घ्यावी आणि ही वही ग्रामपंचायतीत व तहसील कार्यालयात पोचवावी. परिसर अभ्यासाच्या तासिका त्यासाठी पुरतात, कायद्यात बदल लागत नाही, कंत्राट काढावे लागत नाही. लागतो तो बदल्यांच्या आणि नेमणुकांच्या वेळापत्रकात फेर: महाड-पोलादपूरच्या दरडप्रवण वाड्यांवरच्या शाळांतली शिक्षकांची दोन्ही पदे, पट कितीही असो, 15 जूनला भरलेली असली पाहिजेत.